लेबल नसलेली रेकॉर्ड

सेंट पॉल्स, ब्रिस्टल
१२ मार्च १९९३

डेल्व्हिन,

छपराचे पत्रे ठोकून झाले असतील तर जरा बूड टेक आणि हे वाच. जमैकात पोर्ट अँटोनियोला फोन लागत नाही, आणि दुकानवाल्या बाईकडे निरोप ठेवला तर तो तुला मिळेपर्यंत मी म्हातारी होईन. आजोबांना सांग, क्लॉडेट रोज आठवण काढते. रोज काढत नाही, पण सांग.

बातमी चांगली आहे. लंडनच्या रेकॉर्ड कंपनीने आपल्याला घेतलं. होय, आपल्यालाच! आपल्या बँडला, डॅम्प कोर्सला! सही करताना पडीच्या हातून पेन दोनदा पडलं. तिथल्या बाईने विचारलं, "हे नाव कसलं?" पडी म्हणाला, "भिंतीत ओल चढू नये म्हणून गवंडी पायाशी एक थर घालतात, तो. आमच्या घराला तो नाहीये." ती हसली नाही. यात काहीतरी खोल अर्थ आहे असं तिला वाटलं आणि तिने ते लिहून घेतलं. लंडनची माणसं अशीच.

आता घोळ ऐक. त्यांना सगळ्यात आधी 'लो वॉटर' हे गाणं काढायचंय. तुझा ताल, पडीचं तुकडे जोडायचं यंत्र, माझं गाणं, सगळं आवडलं. पण जीव जडलाय तो जुन्या रेकॉर्डवरून उचलून आपण त्यात घातलेल्या त्या तुकड्यावर. ती बाई ओळ गाताना मध्येच अडखळते आणि पुढचं नुसतं गुणगुणते, तो. वकील म्हणतात, रेकॉर्ड कुणाची ते सांगा, आम्ही रीतसर परवानगी काढतो. मी म्हटलं, त्यात काय, बघून सांगते. घरी आले, तुझ्या पेटीतून रेकॉर्ड काढली. लेबलच्या जागी नुसता पांढरा डाग.

म्हणजे हीसुद्धा भिजवलीस! मला आठवतंय ना सगळं. पर्लमावशीच्या आंघोळीच्या टबात तू रेकॉर्डी भिजत घालायचास, लेबलांचा लगदा मोरीत अडकायचा, आणि मावशी जिन्यातून ओरडायची, "या घरात माणसांनी अंग कुठे धुवायचं ते एकदा ठरवा!" नाचाला रेकॉर्डी वाजवणाऱ्या दुसऱ्या साऊंडवाल्याने डोकावून नाव वाचू नये म्हणून सगळेच लेबल काढतात, कबूल. पण बाबा रे, आतल्या कडेला कोरलेला नंबरही तू खिळ्याने खरवडलायस. शत्रूपासून लपवता लपवता तू ती आपल्यापासूनच लपवलीस.

तेव्हा डोकं खाजव आणि आठव. गाणारी कोण? कुठल्या कंपनीची? एवढं सांगितलंस की आपली नाव पैलतीराला लागली म्हणून समज.

मावशी म्हणते, येताना जायफळ आण.

क्लॉडेट


सेंट पॉल्स
३ मे १९९४

डेल्व्हिन,

माइनहेडचा पत्ता मावशीकडून घेतला. तिने तो देताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच तुला समुद्राकाठच्या त्या थंड गावात नेऊन सोडलंय. भाऊ तिथे पैसे टाकून खेळायची यंत्रं दुरुस्त करतो, हे मी आता लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?

गेल्या वर्षी जमैकाहून उत्तर काय पाठवलंस? तर, "आमच्या धंद्यात रेकॉर्डचं नाव सांगत नाहीत." वा रे वा! मी ते पत्र पडीला वाचून दाखवलं. पडी बेडमिन्स्टरचा, तोंडावर काही लपवत नाही. तो म्हणाला, "त्याला ठाऊकच नाहीये गं. ठाऊक असतं तर आतापर्यंत फुशारकी मारून झाली असती." खरंय की नाही ते तूच जाणे. ईस्टनच्या चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून तू रेकॉर्डींचं अख्खं खोकं उचललंस आणि न वाचताच टबात बुडवलंस, असं माझं मत आहे. चुकत असेन तर नाव सांग आणि मला खोटं पाड.

तू परत येईपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. शिकागोच्या, डेट्रॉइटच्या जुन्या रेकॉर्डवाल्यांना फोनवर ऐकवलं. सगळे म्हणाले, आवाज छान आहे, पण ऐकलेला नाही. शेवटी कंपनी म्हणाली, तुकडा काढा नाहीतर गाणं काढा. तेव्हा पडी म्हणाला, "क्लॉडेट, तूच म्हण की."

तुला वाटतं ते सोपं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना मी ती अडखळ म्हणायचे. बायका विचारायच्या, उचकी लागलीय का? चुकणं सोपं असतं रे, तीच चूक पुन्हा पुन्हा तशीच करणं महाकठीण. जमली तेव्हा आम्ही तिची एकच तबकडी काढून घेतली, पडीने ती जमिनीवर टाकली आणि बूट घालून तिच्यावरून चालला. वर पावाचा चुरा. मग मांजर. मग ती वाजवून तिच्यावरून तुकडा उचलला. हुबेहूब! तीस वर्षं जुनी वाटते.

आणि तू आलास, ऐकलंस, कोट घातलास. "ती बाई खरंच अडखळली होती. तू अडखळायचं सोंग करतेस." एवढं बोलून पेटी उचलून चालता झालास. मावशीच्या, तुझ्या सख्ख्या आईच्या, डोळ्यांदेखत.

सोंग तर सोंग. पण सोंग आणायलासुद्धा गळा लागतो. रेकॉर्ड सोमवारी बाजारात येतेय. तुझं नाव पहिलं छापलंय, कारण नाद तुझा, खोकी तुझी. परत ये.

क्लॉडेट


सेंट पॉल्स
२१ सप्टेंबर १९९५

डेल्व्हिन,

मी माफी मागायला लिहीत नाही, ते आधीच सांगते.

आपल्याला बक्षीस मिळालं. तू टीव्हीवर पाहिलं असशील, नसशील तर माइनहेडमध्ये कुणीतरी सांगितलं असेल. लंडनला मोठ्या हॉटेलात जेवण. ताटात एवढासा मासा आणि भोवती पाच पानं. पडीने शेजारच्याला विचारलं, "बाकीचं मागाहून येतं का?" नाव पुकारलं तेव्हा आम्ही दोघं उठलो. तिसरी खुर्ची रिकामी. लोकांना वाटलं, हीसुद्धा आमची काहीतरी अदा आहे.

पेपरवाल्यांनी आपल्या संगीताला आता नाव दिलंय, ट्रिप-हॉप. पडी म्हणतो, सांधेदुखीच्या मलमाचं नाव वाटतं. आम्ही म्हणतो, आम्ही असलं काही वाजवत नाही, आम्ही सावकाश वाजवतो. आणि त्या अडखळीवर काय काय लिहून आलंय म्हणून सांगू! एकाने लिहिलं, त्या एका हुंदक्यात गुलामांच्या जहाजांवर पोसलेल्या अख्ख्या शहराचं दुःख दाटलंय. पान भरून. मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुला बटाटे सोलताना हे सुचलं होतं?"

मावशी, नाही गं. मला काहीच सुचलं नव्हतं. मी दुसरीची चूक पाठ केली होती.

हेच तुला सांगायचं होतं. आम्ही अमेरिकेला जाऊन आलो. लोक नाचत नाहीत, नुसते उभे राहतात, मान हलवतात, आणि ती जागा आली की सगळं सभागृह श्वास रोखतं. मी अडखळते. लोक रडतात. रोज. मंचावरून उतरले की वाटतं, हे रडणं कुणाच्या खात्यावर मांडायचं? माझ्या तर नाही. बोस्टनमध्ये एका पोरीने हात धरून विचारलं, "ती जागा गाताना तुझ्या मनात काय होतं?" मी म्हटलं, थकले होते. काय सांगणार?

तू सोबत असतास तर हसला असतास आणि मलाही हसायला आलं असतं. पण तू तिकडे नाकाने कांदे सोलत बसलायस.

ते बक्षीस मावशीच्या दिवाणखान्यात ठेवलंय. ती त्याला रोज पुसते आणि पाहुण्यांना सांगते, डेल्व्हिनचंय.

क्लॉडेट


ईस्टन, ब्रिस्टल
१८ नोव्हेंबर २००१

डेल्व्हिन,

आलास, मागच्या बाकावर बसलास, मावशीवर माती लोटलीस, हॉलमध्ये भात-राजमा खाल्लास, भांडी विसळायला मदतसुद्धा केलीस, आणि बोललास किती? "मीठ दे." आईला पुरून आलेल्या दोघांमध्ये सबंध दिवसात एवढंच बोलणं. होय, दोघांमध्ये. माझी आई मला तिच्या पदरात टाकून गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशी म्हणायची मी तिला, पण आई तीच.

जाऊ दे. रागाने लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तिसरा अल्बम पडला. दुसराच लंगडत होता. आता आपलं संगीत केस कापायच्या दुकानात लागतं, सोफ्याच्या दुकानात लागतं. परवा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी झाले, तोंड उघडं, आणि वरच्या स्पीकरमधून मीच अडखळले. डॉक्टर म्हणाला, हे गाणं लावलं की पेशंट शांत राहतात. पडीने एक चाल मोटारीच्या विम्याच्या जाहिरातीला दिली. मी बोल बोल बोलले त्याला. तो म्हणाला, "मला तीन पोरं आहेत, क्लॉडेट. ती दुःखावर जगत नाहीत." बरोबरच होतं त्याचं.

कंपनीने करार संपवला. फुलं पाठवली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात परत गेलेय आणि खरं सांगू, तिथे बरं वाटतं. पोरं येतात, ताट पुढे करतात, अजून वाढ म्हणतात. तिथे मी केलेलं जेवण माझंच असतं. पण घरी, आंघोळीला, रस्त्यावर, कुठेच गाणं येत नाही. गायला तोंड उघडलं की ती दुसरी बाईच येते. ती कोण हे कळलं असतं तर मी तिला तिचं देऊन टाकलं असतं आणि माझं काही उरतं का ते पाहिलं असतं.

मावशी शेवटी शेवटी विचारायची, "तो कोट घेऊन गेला का? बाहेर गारठा आहे." मी म्हणायचे, घेऊन गेलाय.

क्लॉडेट


ईस्टन
९ फेब्रुवारी २०१९

डेल्व्हिन,

इतक्या वर्षांनी पत्र, म्हणजे कुणीतरी गेलं असं वाटलं असेल. कुणी गेलं नाही. कुणीतरी सापडलंय.

तुझा फोन नंबर कुणाकडे नाही, आणि त्या यंत्रांच्या दुकानात फोन केला तर पलीकडून नुसती नाणी पडल्याचा आवाज येतो. म्हणून हे.

पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं होतायत म्हणून ईस्टनच्या वाचनालयाने मला नि पडीला दुपारी गप्पा मारायला बोलावलं. तीस-एक खुर्च्या, आल्याचा केक, पडीचं टक्कल. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत पुढे आली, सोबत भाचीची मुलगी. ठेंगणी, गहूवर्णी, डोक्याला छान रेशमी रुमाल. कार्डिफची. ऑल्वेन हसन नाव. बाप सोमाली खलाशी, आई वेल्श.

ती म्हणाली, "ती अडखळ माझी आहे."

मी म्हटलं, "कोणती?" ऐकून ऐकून मी सावध झालेय, अशी माणसं येतात.

"तीच. चपलांच्या दुकानात ऐकली मी. पोरीला म्हटलं, ही माझी. ती म्हणाली, आजी, हे तर त्या ब्रिस्टलवालीचं गाणं. मी म्हटलं, आवाज ब्रिस्टलवालीचा असेल, चूक माझी आहे."

डेल्व्हिन, विचार कर. अख्ख्या जगाला वाटतं आपल्या अल्बममधला तो आवाज जुन्या रेकॉर्डवरून उचललाय, मंचावर मी त्याची नक्कल करते. माझा आवाज आहे हे आपण तिघं आणि कंपनी सोडून कुणालाच ठाऊक नाही. आणि ही बाई उभ्या उभ्या दोन्ही वेगळं करून दाखवते. वर मला म्हणते, "चांगली उचललीस हो. तुला शिकवायला मी नव्हते, तरी."

तिने तेवीस वर्षांची असताना लंडनला जाऊन एकच रेकॉर्ड केली. चाळीस-पन्नास विकल्या गेल्या असतील. तिच्याकडची घर बदलताना गेली. त्यानंतर तिने ती कधीच ऐकलेली नाही. आम्ही शिकागो-डेट्रॉइट पालथं घातलं आणि ही बाई पुलापलीकडे कार्डिफला बसून होती! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आता मुद्द्याचं. तिचा एक कान पूर्ण गेलाय, दुसरा जातोय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत थोडंफार ऐकू येईल, पुढचं सांगता येत नाही. तिला पैसे नकोत, पेपरात नाव नको. मी विचारलं, मग काय हवं? म्हणाली, "एकदा ऐकायचीय. सबंध. अडखळीच्या आधीचं आणि नंतरचं."

ती रेकॉर्ड जगात कुठे असेल तर तुझ्याकडेच. ती घेऊन ये. माझ्यासाठी नको येऊस, तिच्यासाठी ये.

क्लॉडेट


ईस्टन
१४ एप्रिल २०१९

डेल्व्हिन,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. समोर गाढवांवर बसलेली मुलं, मागे तीन शब्द, "रेकॉर्ड वाजत नाही." आधी मी ते फाडणार होते. मग बस पकडून सरळ माइनहेड गाठलं, ते तू पाहिलंसच.

मला वाटलं होतं तू शटर ओढून घेशील. पण तू स्टूल पुसून दिलंस, चहा केलास, दोन चमचे साखर न विचारता घातलीस. केस पांढरे झालेत तुझे. मावशीसारखा दिसतोस, विशेषतः रागावल्यावर. ते नाणी ढकलायचं यंत्र उघडून तू त्यात डोकं घालून बसलास आणि मी तुझ्या पाठीशी बोलत राहिले.

"वाजत नाही म्हणजे काय? तुटली?"

"नाही."

"हरवली?"

"नाही."

"मग?"

"वाजत नाही म्हणून सांगितलं ना!"

लहानपणीसुद्धा हाच हट्ट. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मी उठून निघाले तेव्हा तू यंत्राच्या आतूनच म्हणालास, "बाई कशी आहे?" तेव्हाच मी ओळखलं की तू ते पत्र बऱ्याचदा वाचलंयस.

बाई कशी आहे ते सांगते. दर रविवारी जाते मी तिच्याकडे. ती समोसे तळते, वेल्श पद्धतीचे मनुकांचे केक तव्यावर भाजते, आणि दोन्ही एकाच ताटात वाढते. मी ओरडून बोलते, ती ओठ वाचते. शेजारी म्हणतात, दर रविवारी भांडतात या बायका. मी विचारलं, "तुम्ही पुन्हा का गायला नाहीत?" तर म्हणाली, "केक घे." परवा दारावरची घंटा वाजली, तिला ऐकू आली नाही.

मी तुला आता रेकॉर्ड आण असं म्हणतच नाही. वाजत नसेल तर नसेल. तू ये आणि तिला समोर बसून सांग की वाजत नाही. एवढं तिचं देणं आहे तुझ्यावर. ५ मे, रविवार, दुपारी दोन. लाउडन स्क्वेअर, पत्ता मागे लिहिलाय. पडी येतोय.

क्लॉडेट


ईस्टन
६ मे २०१९

डेल्व्हिन,

तू गेलास ते बरं नाही केलंस. पण मी भांडायला बसलेली नाही. तू बाहेर गेल्यावर आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, ते ठाऊक असायला हवं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहितेय. अजून चहासुद्धा घेतलेला नाही.

तू व्हॅनमधून तुझं जुनं स्पीकरचं खोकं एकट्याने उचलून वर आणलंस. पडी मदतीला आला तर त्याला म्हणालास, "तू पाठ सांभाळ." पंचवीस वर्षांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य! पडी किती खूश झाला म्हणून सांगू. ऑल्वेनबाईंनी पायातल्या सपाता काढल्या, खुर्ची खोक्याला भिडवली आणि दोन्ही तळवे त्याच्या जाळीवर टेकवले. तू पेटीतून ती रेकॉर्ड काढून लावलीस आणि सुई ठेवलीस.

आणि तिचा आवाज आला. मी रेकॉर्डवर तो अठ्ठावीस-एक वर्षांची असताना ऐकलेला, तोही तेवढाच तुकडा, तेवढाच पुन्हा पुन्हा. पुढचंमागचं ऐकायची आपल्याला कधी गरजच वाटली नव्हती. काय गात होती रे ती! पोरसवदा, धीट, खेळकर. मग ती जागा आली. आणि नुसतीच खरखर. जणू कुणी पत्र्यावर वाळू ओततंय. त्यातून बाहेर पडून गाणं पुढे गेलं.

तेव्हा मला कळलं तू काय सांगत होतास. ती जागा शोधायला, पकडायला, तू ती रेकॉर्ड हाताने मागेपुढे, मागेपुढे फिरवायचास. आपल्या काळात. आणि मग नंतरही, माइनहेडच्या खोलीत एकट्याने. तेवढीच जागा. इतकी फिरवलीस की तीच झिजून गेली. तू उठलास, तोंड फिरवलंस आणि बाहेर गेलास. मी खिडकीतून पाहिलं. व्हॅनमध्ये बसून रडत होतास, कपाळ स्टिअरिंगवर टेकवून. मला वाटलं, जाऊन जवळ घ्यावं. पण बाईने खोक्यावरचा एक हात काढून माझा धरला होता, तो ती सोडेना.

तिने विचारलं, "कुठे गेली?"

मला वाटलं ती तुझ्याबद्दल विचारतेय. "तो बाहेर गेलाय, येईल."

"तो नव्हे गं. माझी चूक. चूक कुठे गेली?"

मी ओरडून सांगितलं, झिजली. या माणसाने वाजवून वाजवून घासून टाकली. माफ करा त्याला.

ती म्हणाली, "परत लाव."

पडीने परत लावली. तिने डोळे मिटले. ती जागा आली, खरखर झाली, गेली. आणि बाई हसायला लागल्या. डेल्व्हिन, अशा हसल्या की रुमाल सुटला डोक्याचा.

मग बोलल्या. एवढे रविवार केक घे म्हणून टाळत होत्या, ते सगळं सांगितलं. स्टुडिओ तासाभरासाठी घेतलेला. बँडचा मालक घड्याळाकडे बघून हात गोल गोल फिरवत होता, आटप, आटप. त्या घाईत ही एक शब्द विसरली. ओळ अशी होती, गुरुवारी येईन म्हणालास, किती गुरुवार गेले. ही 'गुरुवार'च विसरली! अडखळली, गुणगुणून वेळ मारून नेली. वाटलं, पुन्हा घेतील. मालक म्हणाला, "पुन्हा कशाला, वेळ संपला. पोरी, माझी रेकॉर्ड नासवलीस तू." रेकॉर्ड चालली नाही. हिने मनाशी घेतलं, माझ्या त्या अडखळण्याने चालली नाही. परत कधी कुणापुढे गायली नाही. प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायची. "मला त्या गाण्यातलं दुसरं काही आठवायचंच नाही गं," म्हणाली. "तेवढी अडखळच कानात. वाटायचं, बाकीचंही तसंच असणार. म्हणून ऐकायचं होतं, कान आहेत तोवर."

मी विचारलं, "मग? कसं आहे बाकीचं?"

तिने माझा हात असा घट्ट दाबला. "मी गात होते," म्हणाली. "क्लॉडेट, मी चांगली गात होते!"

गुरुवार, डेल्व्हिन! शहराचं दुःख नाही, जहाजं नाहीत, काही नाही. एका पोरीला गुरुवार आठवला नाही. मी जगभर हिंडून रोज तो गुरुवार विसरले आणि लोक रडले. आणि खोटं कुणाचंच नव्हतं, त्या लोकांचंसुद्धा. हे मला कालपासून कळायला लागलंय, अजून पुरतं कळलेलं नाही.

मी तिला म्हटलं, तुमची अडखळ मी इतकी वर्षं वापरली, आता ती परत घ्या. तर काय म्हणाली माहितीये? "मला नको ती! माझ्याकडून गेली एकदाची, सुटले. आता ती जगात फक्त तुझ्या गळ्यात आहे. म्हणजे तुझीच झाली. ठेव." वर म्हणते, "आणि ज्याने घासली त्याला समोसे बांधून दे." मी बांधले होते.

पडीने विचारलं, परत लावू का? ती म्हणाली, नको, आता पाठ झालं. तळवे खोक्यावरून काढले आणि मांडीवर ठेवले. खोकं बंद, खोलीत आवाज नाही, तिला स्वतःचाही धड ऐकू येत नसणार. आणि तिने ती ओळ म्हटली. थरथरत, पण सबंध. गुरुवारासकट. पडी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी दाराकडे धावले, तुला बोलवायला, जिना दोन दोन पायऱ्या उतरून. खाली आले तर व्हॅन गेली होती.

तू घरी एकटा बसून स्वतःला दोष देत असशील. आईचा मुलगा आहेस, तेच करत असशील. तर ऐक, तू जे नासवलंस म्हणतोस त्यानेच तिचं गाणं तिला परत मिळालं. यात शहाणपणा तुझा काही नाही, नशीब चांगलं म्हण. आणि मी काल रात्री भांडी घासताना गायले. काय गायले ठाऊक नाही, पण ती नव्हती, मीच होते.

ती म्हणाली, पुढच्या रविवारीही गाईन, तुम्ही या. कान किती दिवस साथ देतील ते देवाला ठाऊक, पण गाणाऱ्याचे कान गेले तरी ऐकणाऱ्यांचे आहेत ना. दुपारी दोन वाजता. खोकं तिथेच आहे, ते न्यायच्या निमित्ताने ये हवं तर. आणि या वेळी आत बस.

क्लॉडेट